वरच्या मजल्यावरचे पाजी

प्यायचो तेव्हा माझे किस्से दुसरे लोक सांगायचे. मी सकाळी उठून ते ऐकायचो आणि बायकोला विचारायचो, ‘हे खरंच मी केलं?’ सुमन म्हणायची, ‘नाही, शेजाऱ्यांनी केलं.’ आता दोन वर्षं झाली, थेंब नाही. मला वाटलं होतं, दारू सुटली की किस्से संपणार. कसलं काय, दुप्पट झाले! फरक एवढाच, की आता ते माझे मला आठवतात. त्यामुळे चार माणसं जमली की मी सुरू होतो, आणि सुमन आत जाऊन उगाच कुकर लावते.

आधी मी कोण ते सांगतो. मूळचा कराडजवळचा. वीस वर्षं एअर फोर्समध्ये काढली, शेवटचं पोस्टिंग चंदिगडला, आणि मग मोहालीतच फ्लॅट घेऊन टाकला. आता एका आयटी कंपनीत एसी, लिफ्ट आणि कँटीन माझ्या ताब्यात असतं. एकुलती एक मुलगी, रेवती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

सगळी गोष्ट या पोरीच्या लग्नावरून सुरू झाली. तिनं करण नावाचा, एअरपोर्टजवळच्या एरोसिटी वसाहतीतला पंजाबी मुलगा निवडला. मुलगा चांगला, घर चांगलं. त्यांच्यात साखरपुड्याच्याही आधी ‘रोका’ करतात, म्हणजे मुलगा-मुलगी पक्की झाली असं चारचौघांत जाहीर करायचं. त्या रोक्याला मी दुपारपासूनच टाईट होतो. व्याह्यांच्या घरी भाषण ठोकलं, भाषणात करणचं नाव तीनदा चुकवलं, आणि शगुनाचं ताट मांडीवर घेऊन सोफ्यावरच झोपलो. लाडू शर्टाला चिकटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, ‘‘पापा, शादी में आना. मेहमान की तरह आना. कन्यादान मोहनमामा करेंगे.’’

मोहन म्हणजे सुमनचा भाऊ, कराडला हायस्कुलात मास्तर आहे. लग्नाला अकरा महिने होते. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण ‘मेहमान’ हा शब्द जेवढा लागला तेवढी एकही लागली नव्हती.

*

आता ग्रुप शोधण्याचा किस्सा.

दारू सोडवणारे ग्रुप असतात एवढं ऐकून होतो. कुणाला विचारणार? लाज वाटते हो. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मोबाईलवर टाइप केलं, ‘अल्कोहोल नियर मी’. पुढे ‘हेल्प’ लिहायच्या आतच त्यानं मला नऊ ठेके, म्हणजे इकडची दारूची दुकानं, काढून दाखवले! एकाला तर साडेचार स्टार होते. आमच्याकडे मोबाईलसुद्धा माणसाला मोहात पाडतो.

शेवटी एका दवाखान्याच्या भिंतीवर नंबर सापडला. फोन केला. पलीकडून जाडा पंजाबी आवाज आला. कुठलंसं कम्युनिटी सेंटर सांगितलं, सहा वाजता ये म्हणाला, वर ये, कोणी काही विचारणार नाही.

मी पावणेसहालाच पोचलो. छाती अशी धडधडत होती, की ‘वर ये’ हे डोक्यातून साफ गेलं. तळमजल्यावर एका खोलीत गोल खुर्च्या मांडलेल्या, वीसेक माणसं पडेल चेहऱ्यानं बसलेली. म्हटलं, हेच आपले लोक. जाऊन बसलो. एका मावशींनी प्रेमानं विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी उभाच राहिलो. म्हटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

‘‘मेरे से कंट्रोल नहीं होता,’’ मी म्हणालो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजोबा म्हणाले, कुणाकडूनच होत नाही बेटा, मी पण चोरून खातो. हे ‘खातो’ मला जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं पंजाब आहे, असेल बुवा. मी पुढे सांगितलं, की रोज घ्यावी लागते, सकाळीसुद्धा. मावशी म्हणाल्या, ‘‘खाली पेट या खाने के बाद?’’ मी खरं ते सांगितलं, कधी कधी उपाशीपोटी पण. त्यावर आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘कितने युनिट?’’

मी म्हटलं, ‘‘युनिट का पता नहीं जी. खंबा दो दिन में खतम होता है.’’

मग मावशींनी हळूच माझा दंड धरला आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, ये शुगरवालों की मीटिंग है. तुम्हारी ऊपर है.’’

जिना चढताना मागून आजोबांचा आवाज आला, की मुलगा मात्र हिमतीचा आहे. त्या संध्याकाळी तेवढ्या एका वाक्यावर मी वर पोचलो.

*

वर तो जाडा आवाज बसला होता. जोगिंदर पाजी. पांढरी दाढी, पूर्वीचे ट्रान्सपोर्टवाले, चौदा वर्षं दारूला हात लावलेला नाही. पाजी म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. पुढे मलाही सगळे ‘मराठा पाजी’ म्हणायला लागले. सुमनला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, म्हणाली, ‘‘लोकांनी अगदी बरोबर ओळखलं तुम्हाला!’’

पद्धत अशी, की प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि मग कबूल करायचं. माझी पाळी आली. मी इंग्रजीत फाडफाड बोललो, आय ॲम ॲन अल्कोहोलिक. ऑफिसातलं प्रेझेंटेशन दिल्यासारखं. पाजी म्हणाले, पुन्हा. मग हिंदीत बोललो, ‘मैं शराबी हूँ’. तेही कव्वालीतलं वाटलं, मला स्वतःलाच काही झालं नाही.

पाजींनी विचारलं, ‘‘तेरी माँ कौनसी बोली में गाली देती थी?’’

म्हटलं, मराठीत.

‘‘तो उसी में बोल.’’

मी तोंड उघडलं, ‘‘मी दा...’’ आणि पुढचं येईना. आमच्या गावात हा शब्द एकाच माणसाला लावायचे, देवळामागं पडलेला असायचा त्याला. आई लांबूनच पदर नाकाला लावायची. सगळे थांबले होते. कोणी घाई केली नाही. मग मी म्हणालो, ‘‘मी दारुडा आहे,’’ आणि ढसाढसा रडलो. लाज नाही वाटत सांगायला.

त्यांना कुणाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. पाजींनी तर पुढच्या प्रत्येक मीटिंगला ते वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं. स्वतःही शिकले. उच्चार इतका स्वच्छ, की साताऱ्यात खपून गेले असते.

*

आमच्यात सुभाषजी म्हणून वकील आहेत. बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यातली दोन ते प्रस्तावनेत घालवतात. पण एकदा नव्या आलेल्या माणसानं डोकं धरून विचारलं, की सगळं आयुष्य दारूवाचून काढायचं, हे जमणार कसं? खरं तर तीच भीती प्रत्येकाच्या पोटात असते.

सुभाषजी टाय सारखा करत उभे राहिले. म्हणाले, ‘‘जिंदगी भर के लिए किसने छोडी है? मैंने तो नहीं छोडी. केस तो उम्र भर चलेगा. मैं बस रोज सुबह उठके आज की तारीख ले लेता हूँ.’’

तेव्हापासून आमच्यात कुणी ‘कसा आहेस’ विचारत नाही. ‘तारीख ली?’ एवढंच विचारतात.

*

नीरू मॅडम शाळेत प्रिन्सिपल होत्या. पूर्वी पाण्याच्या बाटलीत व्होडका घेऊन प्रार्थनेला उभ्या राहायच्या, हे त्या स्वतःच सांगतात. दारू सुटली, प्रिन्सिपलगिरी सुटली नाही. मीटिंगची हजेरी त्याच घेतात.

एका बुधवारी मला कंटाळा आला आणि मी दांडी मारली. सात वाजता घरचा फोन वाजला. सुमननं उचलला. पलीकडून कडक आवाज आला, ‘‘आपका बच्चा आज क्लास में नहीं आया.’’

सुमन पण अशी, म्हणाली, मॅडम, पोटात दुखतंय म्हणतोय, पण मला खरं वाटत नाही. दोघींचं पाऊण तास बोलणं झालं. सुमन माझ्या दारूबद्दल बाहेरच्या कुणाशी पहिल्यांदाच बोलत होती, आणि हसत होती. ते ऐकून मी परत कधी दांडी मारली नाही.

*

असं सगळं छान चाललं होतं असं समजू नका. दहाव्या महिन्यात, रविवारी भर दुपारी, मी ठेक्यासमोर उभा होतो. झालं काय, तर लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. त्यावर रीतीप्रमाणे माझं आणि सुमनचं नाव होतं, पण घरात रेवती मामाशी फोनवर कन्यादानाचं ठरवत होती. धोतर कुठलं नेसायचं वगैरे. मी चप्पल घातली आणि भाजी आणतो म्हणून निघालो.

पाय बरोबर तिथेच गेले. मेल्यांना रस्ता पाठ! पण हात खिशात गेला आणि फोन निघाला. पाजींना लावला. ते म्हणाले, हलायचं नाही, मी येतोय. आणि येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. वीस मिनिटं त्या माणसानं मला पुरणपोळी कशी करतात ते विचारलं. डाळ किती शिजवायची, गूळ कधी घालायचा, जायफळ कशाला. मला काय येतंय पुरणपोळी! ठेक्यासमोर उभा राहून मी मनाला येईल ते सांगत होतो, आणि रांगेतले चार लोक कान देऊन ऐकत होते.

पाजी स्कूटरवरून आले ते अर्धवट न्हाऊन निघालेले. केस ओले, पाठीवर मोकळे, कमरेला लुंगी. उतरून माझा हात धरला. एवढ्यात ठेकेवाला जाळीमागून ओरडला, ‘‘पाजी! आप?’’ आणि चक्क बाहेर येऊन पाया पडला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, तुम्ही सोडलीत आणि आम्हाला दोन नोकर कमी करावे लागले.

पाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला दाखवून म्हणाले, ‘‘ये भी नहीं आएगा अब. तीसरा भी निकाल दे.’’

*

लग्न. आमच्याकडचा मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा. व्याही बलदेवजींना हे काही केल्या पचेना. त्यांच्यात लग्न म्हणजे रात्रभर. सारखे म्हणत, ‘‘नाश्ते में शादी?’’ पण विहीणबाईंनी हो म्हटलं आणि विषय संपला. बार मात्र बलदेवजींनी साडेनऊलाच उघडला. वरात आली तीच झोकांड्या खात.

ग्रुपमधले माझे तिघे आले होते. आमचा नियम, की बाहेर कुणाची ओळख फोडायची नाही. पण ओळख काय सांगायची हे ठरवायचं राहूनच गेलं! पाहुण्यांनी विचारलं, तर नीरू मॅडम म्हणाल्या, हे माझे विद्यार्थी. मी पंचावन्न वर्षांचा. सुभाषजी म्हणाले, आम्ही एकाच केसमध्ये आहोत. त्यावर कराडची सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. आणि पाजींनी मोहनला छातीवर हात ठेवून सांगितलं, मी तुमच्या दाजींकडे मराठी शिकतो.

मोहन मास्तर माणूस. आणि माझ्यावर सात वर्षं राग धरून. त्याच्या वास्तुशांतीत मी काय केलं होतं ते सांगत नाही, पूजेचा कलश त्यात होता एवढंच सांगतो. तो पाजींना म्हणाला, वा, मग काहीतरी बोलून दाखवा मराठीत.

पाजी खूष. हात जोडले, मान झुकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘मी दारुडा आहे!’’

मोहननं पाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मास्तर आहे, त्याला हिशेब कळला. वाक्य कुणी शिकवलं, कुठं बसून शिकवलं, सगळं त्याच्या तोंडावर दिसलं. शेजारीच बलदेवजी ग्लास घेऊन उभे. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, ‘‘इसका मतलब क्या हुआ जी?’’

मला वाटलं, संपलं. व्याह्यांसमोर अकरा महिने पाण्यात.

मोहन खाकरला. म्हणाला, ‘‘कुछ नहीं जी. हमारे यहाँ का पुराना नमस्कार है.’’

झालं! बलदेवजींनी ग्लास सांभाळत कराडच्या एकेका पाहुण्यासमोर जाऊन हात जोडले आणि वाकून म्हणाले, ‘‘मी दारुडा आहे!’’ आमच्या थोरल्या आत्यांना तर दोनदा म्हणाले. आत्या म्हणाल्या, ‘‘दिसतंय हो, दिसतंय. बसा आता.’’

मोहन हसून हसून खांबाला टेकला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘दाजी, किती दिवस झाले?’’ मी सांगितलं, अकरा महिने. तो म्हणाला, ‘‘मग कन्यादानाला तुम्हीच बसा.’’

मनात काय झालं ते शब्दांत येत नाही. पण मी नाही म्हटलं. तो निर्णय रेवतीचा होता, तो मी आणि मोहननं परस्पर कसा फिरवायचा? मोहननं कन्यादान केलं. मी हातात अक्षता घेऊन पाहुण्यांत उभा राहिलो. सगळी मंगलाष्टकं सरळ, कशालाही न टेकता उभा राहिलो. रेवतीनं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

*

आता शेवटचं सांगतो.

पाच वाजता पाठवणी. फुलांनी सजवलेली गाडी दारात उभी. रीतीप्रमाणे ती करणचा चुलतभाऊ चालवणार होता. तो गाडीचं दार समजून सारखं डिकीचं झाकण उघडत होता. दुसऱ्या भावाला बोलावलं, तो बूट शोधत होता, बूट पायातच होते. करण म्हणाला मी चालवतो, मित्रांनी मला फक्त दोनच पाजलेत. बलदेवजी तर ढोलवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते.

रेवती मागच्या सीटवर बसली होती. आता हे एक सांगायला हवं. बारावीत असताना मी तिला क्लासवरून आणत होतो आणि गाडी डिव्हायडरवर घातली. कुणाला फार लागलं नाही. पण त्या दिवसापासून ही पोरगी मी चालवत असलेल्या गाडीत बसली नाही. नऊ वर्षं. घरची गाडी खाली उभी असली तरी कॅब बोलवायची. मी कधी कारण विचारलं नाही. विचारायला तोंड होतं का मला?

ती गाडीतून उतरली. शालू सावरत, दिराच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि सरळ माझ्याकडे आली. सगळी वरात बघत होती. आत्या कुजबुजल्या, अगं बाई, बापानंच पोरीला सासरी सोडायचं? असं कुठं असतं का?

रेवतीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ‘‘पापा, गाडी आप चलाओ.’’

मी बसलो. पट्टा लावला. मागे रेवती आणि करण. मोहालीतून निघालो. पहिल्या चौकापर्यंत ती दारावरचा दांडा घट्ट धरून बसली होती, मला आरशात दिसत होतं. दुसऱ्या चौकाला हात खाली आला.

एअरपोर्टच्या रस्त्याला लागलो आणि पुन्हा आरशात पाहिलं. मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. गाढ झोपली होती.

एरोसिटीचं वळण आलं. मी ते सोडलं आणि चौकाला आणखी एक फेरी मारली.

करण हळूच पुढे वाकला. ‘‘पापाजी, हमारा मोड निकल गया.’’

म्हटलं, माहीत आहे.